सॉर्ट आकडे लावत नाही, कॉन्स्ट अ‍ॅरे गोठवत नाही

जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतले अ‍ॅरे, म्हणजे एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या गोष्टींच्या याद्या, चार ओळींत शिकवणारा एक मेसेज पर्वरी-फोंड्याकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: सॉर्ट केलं की आकडे चढत्या क्रमाने लागतात आणि मूळ अ‍ॅरे तसाच राहतो; कॉन्स्ट हा शब्द लावून केलेला अ‍ॅरे बदलत नाही; बरोबरच्या चिन्हाने त्याची कॉपी होते; एकेक घटक घेत फिरणारा फॉर लूप जुना झाला, त्याच कामाला फॉरईच वापरा. यातलं एकही जसंच्या तसं खरं नाही.

आधी सॉर्ट, कारण तिथली चूक गुपचूप होते. म्हापसा बाजारातले मासळीचे दर समजा ८०, ४००, १२०, १२०० असे अ‍ॅरेत घातले. नुसतं सॉर्ट केलं तर मिळतं १२०, १२००, ४००, ८०. म्हणजे ८० ची तारली १२०० च्या इसवणापेक्षा महाग! वेगळं सांगितलं नाही तर सॉर्ट आकड्यांचा मजकूर करतो आणि अक्षरामागून अक्षर ताडून बघतो. पहिल्यातून दुसरा वजा करणारं फंक्शन दिलं की क्रम बरोबर येतो. सरावाला ५, ३, ९ असे एकअंकी आकडे घेतलेत तर हे कधीच कळणार नाही.

गावांच्या नावांतही तोच घोळ. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, म्हणून वाळपई वास्कोच्या आधी येते. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर. तिथे भाषेच्या क्रमाने शब्द ताडणारं लोकेलकम्पेअर वापरून त्याला मराठीचा संकेत द्यायचा.

आणि मूळ अ‍ॅरे? तोच उलटापालटा होतो. नवा हवा असेल तर भाषेच्या २०२३ च्या आवृत्तीत आलेलं टूसॉर्टेड आहे.

कॉन्स्ट फक्त नाव दुसऱ्या अ‍ॅरेला लावू देत नाही. पुशने शेवटी घालणं, पॉपने शेवटचं काढणं खुशाल चालतं. आतलं अडवायला ऑब्जेक्ट.फ्रीझ लागतं, तेही वरच्या थरापुरतंच.

बरोबरच्या चिन्हाने एकाच अ‍ॅरेला दोन नावं मिळतात. एका नावाने पुश केलं की दुसरीकडेही दिसतं. स्लाइसने नवा अ‍ॅरे मिळतो, पण आत ऑब्जेक्ट (नाव-किंमत अशा जोड्यांचे गठ्ठे) असतील तर ते दोघांत सामाईकच.

फॉरईच वाईट नाही, पण ते ब्रेक या थांबवणाऱ्या आज्ञेने मध्येच थांबवता येत नाही. गोव्याच्या १२ तालुक्यांत डिचोली सापडली तरी ते शेवटपर्यंत धावतं. शोधायला फाइंड, थांबायचं असेल तर फॉर-ऑफ हा लूप. दोन्ही २०१५ पासून भाषेत आहेत.