पालकांनी बाहेर थांबावे

काल मला माझ्याच दिवाणखान्यातून बाहेर काढण्यात आलं. घराचा हप्ता मी भरतो. आत होता तो सोफा मी जिन्यावरून पाठीवर वाहून आणलेला आहे. पण सासरे म्हणाले, "जावईबापू, नियम म्हणजे नियम," आणि दार लोटून घेतलं.

चिरंजीवांची ईगल स्काऊटची शेवटची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. अमेरिकेतल्या स्काऊटिंगमधली ही सगळ्यात वरची पायरी. २१ मेरिट बॅज, म्हणजे एकेक विषय शिकल्यावर मिळणारे कापडी बिल्ले, त्यातले बरेचसे सक्तीच्या यादीतले, एक समाजोपयोगी प्रकल्प, आणि हे सगळं अठराव्या वाढदिवसाच्या आत उरकायचं. मग तीन ते सहा मोठी माणसं बसून मुलाशी बोलतात, त्याला 'बोर्ड ऑफ रिव्ह्यू' म्हणायचं. ही फेरपरीक्षा नाही, असं त्यांच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय. पण टेबलाच्या पलीकडे अनोळखी माणसं बसणार म्हटल्यावर रंगीत तालीम केल्याशिवाय आपल्या जिवाला चैन पडेल तर शपथ.

सासरे उन्हाळ्यापुरते आलेत. आयुष्य बँकेत गेलं, शेवटी शेवटी बढतीच्या मुलाखती घ्यायचे. इथे येऊन त्यांना झोप नव्हती, भूक नव्हती, बोलायला माणूस नव्हतं. मुलाखत म्हटल्यावर एकदम तरतरी आली. माझ्या प्रिंटरवर मार्गदर्शिका छापून, लाल पेनाने खुणा करून त्यांनी मला एक ओळ दाखवली: आईवडील आणि नातेवाईक यांनी उपस्थित राहू नये, नुसतं बघायलासुद्धा नाही.

"पण बाबा, त्यात नातेवाईकही आहेत. तुम्ही त्याचे आजोबा."

"वाचलंय मी. मी नातेवाईक म्हणून बसलेलो नाही. अध्यक्ष म्हणून बसलोय."

सदस्य किमान तीन हवेत, म्हणून सासूबाई. सदस्याचं वय किमान २१ हवं, म्हणून नुकतीच एकवीस पूर्ण झालेली माझी भाची, जिने मुलाखतभर फोनमधून मान वर काढली नाही. आणि बायको? ती आई नाही का? "ती बोर्डात नाही. इतिवृत्त लिहायला आहे. कर्मचारीवर्ग."

मी स्वयंपाकघरात दाराला कान लावून उभा राहिलो.

"बसा," सासरे म्हणाले. नातवाला! "अर्जावरून दिसतं की आपण एका उद्यानासाठी बाक केलेत. किती केलेत?"

"मी नाही केले, आजोबा. मी करून घेतले."

"अध्यक्ष म्हणा. मग आपण स्वतः काय केलंत?"

"लीडरशिप."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सासरे समाधानाने म्हणाले, "म्हणजे शाखाधिकारी."

खरं सांगायचं तर उत्तर बरोबर होतं. प्रकल्पात मुलाने आखणी करायची, माणसं गोळा करायची, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, हेच बघतात. पण 'त्यांच्याकडून' म्हणजे कोणाकडून? भर उन्हात त्या बाकांना भोकं कोणी पाडली? ड्रिलचं पातं मोडल्यावर दुकानात कोण पळालं? दाराआडून ओरडून सांगावंसं वाटलं.

"वर्गणी शिल्लक राहिली का?"

"हो, ती उद्यानालाच दिली. तसा नियम आहे."

"पावती?"

कागदाची सळसळ झाली.

"शिक्का कुठाय यावर?"

"इथे शिक्का मारत नाहीत, अध्यक्ष."

"हम्म," असा एक आवाज आला. या आवाजाने एकेकाळी कितीतरी कारकुनांच्या बढत्या अडल्या असणार.

सासूबाईंचा प्रश्न एकच होता: जंगलात तंबूत झोपतोस तेव्हा रात्री कोणी पांघरूण घालतं का?

मग बॅजांची तपासणी. बॅज लावायचा एक खांद्यावरून तिरका घ्यायचा पट्टा असतो, त्यावर सक्तीच्या बॅजांना चंदेरी कड असते, बाकीच्यांना हिरवी. एकूण एक बॅज मी शिवलाय, आणि तोही जाड कापडावर, सुई आरपार जाताना बोटात घुसेल अशा बेताने. त्यातल्या 'फॅमिली लाइफ'साठी मुलाने घरातली किमान पाच कामं ९० दिवस करायची असतात. आमच्या घरी ९० दिवस भांडी जागच्या जागी होती, कचरा वेळेवर बाहेर जात होता. वाटलं, मुलगा सुधारला. ९१व्या दिवशी कचऱ्याची पिशवी होती तिथेच. "झालं ना ते," म्हणाला.

शिफारशींचं तर बोलायलाच नको. अर्जात एक नाव धार्मिक ओळखीचं लागतं. देवळात आम्ही गणपतीला जातो, ते मुख्यतः प्रसादासाठी, आणि भटजी आम्हाला फक्त गाडी आडवी लावणारे म्हणून ओळखतात. कुठल्या संघटित धर्मस्थळाशी संबंध नसेल तर ती शिफारस आईवडिलांनीच द्यायची, अशी सोय आहे. म्हणजे मुलाच्या श्रद्धेची ग्वाही द्यायला बाप चालतो. खोलीत बसायला चालत नाही.

आणि एवढं सगळं करून ओळखीची माणसं विचारतात काय? "कॉलेजला याचा उपयोग होतो का हो?" पोरगं पावसात चूल पेटवायला शिकलं, बुजरेपणा टाकून अनोळखी दारं वाजवून लाकडं मागून आलं, त्याचं कोणाला काही नाही. सगळ्यांना अर्जातली एक ओळ हवी. मला तो प्रश्न ऐकला की संताप येतो. आणखी संताप याचा की उत्तर मला पाठ आहे.

आत निकालाची वेळ झाली होती. निर्णय एकमताने व्हावा लागतो, हेही नियमातच आहे. सासरे अनुकूल. भाची म्हणाली, "आय मीन, शुअर." सासूबाईंनी मात्र केस कापल्याशिवाय संमती नाही असं जाहीर केलं. बोर्ड तहकूब. पुढची बैठक शनिवारी.

रात्री बायकोने इतिवृत्त वाचायला दिलं. दोन पानं, सुबक अक्षर. त्यात माझा उल्लेख एकदाच आहे: 'चहाची व्यवस्था जावयांनी केली.' खाली लाल पेनात अध्यक्षांचा शेरा: 'साखर कमी. शनिवारी लक्ष द्यावे.'