फोटॉनांचं हजेरीपत्रक

"कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही म्हणता, मग क्ष-किरण येतात कुठून? ज्याचा फोटोच नाही, ते 'काही प्रकाशमिनिटं' रुंद आहे हे कसं कळलं? दहा-वीस फोटॉन (प्रकाशाचे कण) मोजायचे आणि गोष्ट रचायची!" असं तुम्ही लिहिलंत. झोंबलं, पण पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. 'कृष्णविवर क्ष-किरण फेकतं' हे माझं वाक्य ढिसाळ होतं. क्ष-किरण येतात ते बाहेरून. आत ओढल्या जाणाऱ्या वायूची तबकडी तापून मुख्यतः अतिनील प्रकाश देते. तिच्याजवळ अब्जभर अंश तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. तबकडीतले फोटॉन त्यात ठेचकाळत ऊर्जा कमावतात आणि क्ष-किरण होऊन निसटतात. या ढगाला करोना म्हणतात. (हे नाव साथीच्या कितीतरी आधीचं!)

आता आकार. एक किलोमीटर लांब ढोलपथक एका ठोक्याला थांबलं, तरी टोकाला उभ्या असलेल्या तुम्हाला आवाज विरायला तीन सेकंद लागतील, कारण लांबच्या ढोलाचा आवाज उशिरा पोहोचतो. आवाज अर्ध्या सेकंदात थांबला, तर पथक लहानच असणार. नरतुरंग तारकासमूहातली एमसीजी-६-३०-१५ ही दीर्घिका सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, आणि तिच्या मध्यावरच्या कृष्णविवराजवळून येणारे क्ष-किरण काही मिनिटांत ठळकपणे कमीजास्त होतात. म्हणजे ते जिथून येतात ती जागा प्रकाशतासभर, म्हणजे प्रकाशाला ओलांडायला तास लागेल इतकी, रुंद असूच शकत नाही.

राहिले दहा-वीस फोटॉन. दुर्बिणीकडून हातात येतं ते एक हजेरीपत्रक: कोणता फोटॉन कधी आला, कुठे पडला, किती ऊर्जेचा होता. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडलेली क्ष-किरण दुर्बीण असंच पत्रक देते. त्यात मध्येच कोरे पट्टे असतात, कारण साधारण ९८ मिनिटांच्या फेरीत पृथ्वी आड येते. वीस फोटॉनांत चार-पाचांचा फरक नुसत्या योगायोगाने पडतो, त्यावर कोणी शहाणा बोलत नाही. पण वेळेचे सारखे खण पाडले आणि एका खणात ९०० असले, तर योगायोगाचा फरक तीसच्या आसपास. पुढच्या खणात ४५० उरले, तर काहीतरी घडलंय.

खरं तर तुम्ही चुकीच्या जागी बोट ठेवलंत. लोहाच्या रेषेवर, म्हणजे लोहाचे अणू एका ठरावीक ऊर्जेवर जे क्ष-किरण देतात त्यांच्यावर, ठेवायला हवं होतं. ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेची ही रेषा याच दीर्घिकेत कमी ऊर्जेकडे पसरलेली दिसते, हे १९९५ साली जपानच्या आस्का उपग्रहाच्या निरीक्षणांतून जाहीर झालं. बहुतेकांच्या मते हे कृष्णविवराच्या गुरुत्वाकर्षणाचं काम. काहींच्या मते वाटेतल्या वायूचे पडदेही असा आभास देऊ शकतात. या भांडणात मी पहिल्या बाजूचा आहे, पण शपथेवर सांगणार नाही.

ॲस्ट्रोसॅटची जुनी निरीक्षणं इस्रोने सर्वांना खुली ठेवली आहेत. एखादं पत्रक उतरवून घ्या, शंभर-शंभर सेकंदांचे खण पाडा आणि आलेख काढून मला पाठवा. फक्त शेजारच्या रिकाम्या आकाशातले फोटॉन आधी वजा करा. पहिल्या वेळी मी विसरलो होतो.