पन्नासाचे शंभर

भिंतीवरचे डिजिटल घड्याळ आठवड्याला मिनिटभर मागे पडते, एवढ्याशा तक्रारीवरून हे सारे रामायण घडले. अशा वेळी शहाणा माणूस रविवारी घड्याळ मिनिटभर पुढे करतो आणि आपल्या कामाला लागतो. मी मात्र, घड्याळाच्या पोटातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो की त्यात कसूर करतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल, असे जाहीर करून माझा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर काढून दाखवणारे यंत्र, टेबलावर मांडला.

हा स्कोप स्वस्तातला आहे. चार चॅनेल, बऱ्यापैकी पडदा, सतत घरघरणारा पंखा आणि कपाळावर लिहिलेले ५० मेगाहर्ट्झ. ३२ किलोहर्ट्झची लहर पाहण्यासाठी ही बँडविड्थ, म्हणजे स्कोपला झेपणाऱ्या वारंवारतेची वरची मर्यादा, हजारपटीहून अधिक आहे, हे गणित मला तेव्हाही येत होते. पण नेमके त्याच सुमारास मला कळले की माझ्या स्कोपमध्ये आणि त्याच्या १०० मेगाहर्ट्झवाल्या थोरल्या भावामध्ये आतून तसूभरही फरक नाही. तोच बोर्ड, त्याच चिप, घरघरणारा पंखासुद्धा तोच. सिग्नल आत शिरतो त्या ठिकाणी एक फिल्टर बसलेला असतो आणि वरच्या वारंवारतांना त्याने कुठे अडवायचे हे फर्मवेअर, म्हणजे स्कोपच्या पोटात बसवलेली आज्ञावली, ठरवते. फर्मवेअर आधी मॉडेलचे नाव पाहते आणि मग लगाम किती खेचायचा ते ठरवते.

यात कोणाचे कपट आहे असे नाही. दोन निराळे बोर्ड घडवण्यापेक्षा एकच घडवून त्याचे दोन नावांनी बारसे करणे कारखान्याला परवडते, आणि ज्याला जास्त हवे त्याच्याकडून जास्त घेता येते. हौशी मंडळींना हे गुपित फार पूर्वीच उमगले होते. २०१०च्या सुमारास त्यांनी रिगॉल कंपनीच्या डीएस१०५२ई या ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपला आपण डीएस११०२ई आहोत अशी समजूत करून दिली, आणि तो बिचारा खरोखरच १०० मेगाहर्ट्झचा झाला. (आपल्यालाही कोणी अशी समजूत करून दिली असती तर, असे मला उगाचच वाटून गेले.)

विकत घेतलेल्या घरात एक खोली कुलूपबंद निघाली, तर ते कुलूप उघडणे ही चोरी की गृहप्रवेश, यावर मी दोन रात्री विचार केला. खोलीचे पैसे आपण भरलेले नाहीत, ही बाजू मला पटत होती. पण तिच्या भिंती रोज आपल्याच टेबलाची जागा अडवतात, ही बाजू जास्त पटत होती. शेवटी स्कोपची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे, हे ध्यानात आले आणि माझ्या सदसद्विवेकबुद्धीने शस्त्रे खाली ठेवली.

कुलपाची किल्ली म्हणजे २८ अक्षरांची एक संख्यामिश्रित माळ. ती स्कोपमध्ये भरायची, आणि स्कोपला कीबोर्ड नाही. आहे तो एकच नॉब. तो फिरवत हव्या त्या अक्षरावर यायचे आणि दाबायचा. दाबताना तो केसभर सरकतो आणि ‘एच’ऐवजी ‘जे’ उमटतो. हे लक्षात येईपर्यंत पुढची तीन अक्षरे भरून झालेली असतात. मुलीला मी कागद धरून मोठ्याने वाचायला बसवले. ती ‘बी’ म्हणाली की मला ‘डी’ ऐकू येई, आणि माझ्याच हस्ताक्षरातला आठाचा आकडा तिला ‘बी’ वाटे. पहिल्या खेपेला स्कोपने किल्ली अवैध ठरवली. दुसऱ्या खेपेला सत्ताविसाव्या अक्षराशी माझा अंगठा भलत्याच बटणावर पडला आणि मेनूच बंद झाला. मुलगी म्हणाली, “बाबा, आता तुम्ही वाचा, मी भरते.” तिने दोन मिनिटांत माळ भरली. स्कोप बंद करून चालू केला, आणि पडद्यावर थोरल्या भावाचे नाव झळकले.

आता पुरावा हवा. बँडविड्थ आणि राइज टाइम (लहरीला खालून वर चढायला लागणारा वेळ) यांचे एक सोपे नाते आहे: ०.३५ ला बँडविड्थने भागायचे, की राइज टाइम मिळतो. त्या हिशेबाने ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपला ७ नॅनोसेकंदांपेक्षा कमी वेळात उंच उडी घेणारी कड नीट दिसत नाही, आणि १०० मेगाहर्ट्झवाल्याला साडेतीनपर्यंत दिसते. मी एक चपळ लॉजिक चिप जोडून तीक्ष्ण कडेची चौकोनी लहर तयार केली आणि स्कोपचा प्रोब, म्हणजे सिग्नल आत नेणाऱ्या वायरीचे टोक, तिथे टेकवला. राइज टाइम आला सुमारे ६० नॅनोसेकंद. पुन्हा मोजला. पुन्हा साठच. म्हणजे शंभर राहोच, माझ्या स्कोपची जेमतेम सहा मेगाहर्ट्झवर घसरण झाली होती. आपण गृहप्रवेश करताना घरच पाडले, या कल्पनेने माझ्या तोंडचे पाणी पळाले. मी स्कोप तीनदा बंद-चालू केला, फॅक्टरी सेटिंगवर नेऊन आणला, पंख्याचा आवाज बदलला आहे का ते कान लावून ऐकले.

“बाबा, या पांढऱ्या बटणावर ‘एक्स वन’ का लिहिलंय?” मुलगी प्रोब हातात धरून विचारत होती.

प्रोबवरची ती इवलीशी सरकपट्टी एक-पटीवर असली की, स्कोप कितीही उंचीचा असो, साधारण सहा ते दहा मेगाहर्ट्झच्या पलीकडचे काही आत पोहोचत नाही. पुढे जायचे तर दहा-पट लागते. स्कोपच्या मेनूतही मी एक-पटच ठेवलेले असल्याने व्होल्टेज नेहमी बरोबर दिसे आणि शंका यायला जागाच उरली नव्हती. थोडक्यात, स्कोप घेतल्यापासून आजवर मी मूळचे ५० मेगाहर्ट्झसुद्धा कधी वापरले नव्हते. जी हक्काची खोली उघडीच होती, तिच्यात मी पाऊलही टाकले नव्हते, आणि शेजारच्या खोलीचे कुलूप काढत बसलो होतो.

पट्टी सरकवली, कड ताठ उभी राहिली, राइज टाइम चार नॅनोसेकंदांच्या आसपास आला. मात्र कडेच्या माथ्यावर आता एक नवीच थरथर दिसू लागली. ती सर्किटची नसून प्रोबच्या लांबलचक ग्राउंड वायरची आहे, हे शोधण्यात पुढची संध्याकाळ गेली. ५० मेगाहर्ट्झवर ती बहुधा इतकी डोळ्यांत खुपली नसती.

अखेर मी घड्याळाकडे वळलो. प्रोब स्फटिकाच्या पायाला लावला आणि घड्याळ थांबले. काढला, चालू झाले. पुन्हा लावला, पुन्हा थांबले. प्रोबची स्वतःची काही पिकोफॅरड धारिता असते, आणि तेवढे ओझे त्या नाजूक स्फटिकाला पेलवत नसावे. दहा-पटीवरही तीच गत. लहर पाहावी तर ती थांबलेली, आणि थांबलेली नसावी तर पाहता येत नाही, असा खेळ मी बराच वेळ खेळलो.

रात्री सौ.ने घड्याळ भिंतीवर परत लावताना विचारले, “अहो, हे आधी मिनिटभर मागे होतं ना?”

“हो.”

“आता पावणेतीन तास मागे आहे.”