"अजून काहीच नाही झालं"

नागपूरच्या बर्डीवरून सिनेमा पाहून आलो तेव्हापासून डोकं ठणकतंय.

थ्रिलर होता. पडद्यावर रिकामा जिना, कुठंतरी नळाची टपटप, एक कुलूप लोंबकळतंय. आणि माझ्या बाजूचा गृहस्थ फोनवर, मोठ्यानं: "ये बे आरामात, अजून काहीच नाही झालं." तेवढ्यात पॉपकॉर्नवाला पोरगा मोबाइलचा टॉर्च मारत सीट नंबर शोधत आला.

काहीच नाही झालं? अरे, तिथंच तर सगळं होत असतं!

मी सातवीत असताना बाबांची स्कूटर पंक्चर झाली. टॉकीजवर पोहोचलो तर सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झालेली. डोअरकीपर म्हणाला, जा ना आत. बाबांनी ती तिकिटं खिशात घातली आणि पुढच्या शोची काढली. महिनाअखेर होती. तीन तास आम्ही बाहेर बसलो. म्हणाले, "सुरुवात गेली तर भ्यायचं कशाला तेच समजत नाही, बाप्पा."

१९६० साली 'सायको' लागला तेव्हा दिग्दर्शक हिचकॉकनं हाच नियम केला होता. सिनेमा सुरू झाला की कोणालाच आत सोडायचं नाही. 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) घ्या. पहिल्याच शॉटमध्ये एक हात टायमर लावून बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवतो. मग तीन मिनिटांहून जास्त वेळ, एकही कट नाही, ती गाडी गर्दीतून जाते, थांबते, परत निघते. आपला जीव मुठीत. मिनिटभर उशिरा आलेल्याला काय दिसणार? रस्त्यावरून चाललेली गाडी! 'अंधाधुन'मधलं कोबीचं शेत, तो ससा, तो बंदूकवाला ज्यानं पाहिला नाही, त्याचा शेवटही अर्धाच गेला.

जाहिराती लांबतात, वर्धा रोडला ट्रॅफिक असते, मान्य. पण मग मुकाट्यानं येऊन बसा ना! पोहे मागवता, ग्रुप फोटो काढता, आणि मध्यंतरात मलाच विचारता, "तो कुलूपवाला कोण होता?" नाही सांगितलं मी. सांगणारही नाही.

त्या दिवशी बाहेर बसून बाबांनी मला चणे घेऊन दिले होते. स्वतः खाल्ले नाहीत. आज कळतंय, पुढच्या तिकिटांनंतर खिशात तेवढेच उरले असतील.

आत्ता हे लिहितोय तर हॉलमध्ये माझ्या पोरानं 'स्किप इंट्रो' दाबलं. बाबांचा आवाज आला, "मांगं घे रे." मग खुर्ची सरकली. गुडघा धरत धरत ट्यूबलाइट बंद करायला उठलेत.

चाललो मी पण.