मुलांच्या आभासी जगात शाळेने पाऊल ठेवायला हवे

पालकसभेत हल्ली माइनक्राफ्ट आणि रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांची नावे हमखास निघतात आणि ती बहुधा तक्रारीच्या सुरातच निघतात. मूल तासन्‌तास त्यातच असते, जेवायला हाक मारली तरी उठत नाही, पलीकडे कोणाशी बोलते ते कळत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या हलक्याने घेण्याजोग्या नाहीत. तरीही कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक म्हणून माझे मत असे आहे की मुलांनी एकत्र वावरण्याची ही आभासी जगे शिकण्यासाठी आणि एकमेकांत मिसळण्यासाठी फार मोलाची ठरू शकतात. मात्र त्यासाठी शाळेला स्वतःचे, लहानसे, ओळखीच्याच मुलांचे जग उभे करावे लागेल आणि शिक्षकाला त्यात मुलांसोबत स्वतः वावरावे लागेल. हे दोन्ही न करता केवळ बंदी घालणे किंवा केवळ मोकळीक देणे म्हणजे आपली जबाबदारी टाळणे होय.

ही कल्पना काही अलीकडची नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी केवळ अक्षरांतून उभे राहणारे, अनेकांनी एकाच वेळी वावरायचे जग तयार केले होते. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एमी ब्रकमन यांनी ‘मूस क्रॉसिंग’ हे असेच जग खास मुलांसाठी बांधले. तिथे वस्तू, प्राणी, खोल्या मुलांनी स्वतः वर्णन लिहून आणि स्वतः प्रोग्राम करून निर्माण करायच्या होत्या, त्यामुळे लेखन आणि प्रोग्रामिंग ही दोन्ही कौशल्ये मुले एकमेकांना विचारत विचारत शिकत. चित्र नाही, आवाज नाही, तरी मुले रमत असत, कारण आपण केलेली गोष्ट दुसरे कोणीतरी येऊन पाहणार आहे हे त्यांना ठाऊक होते.

हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्यालयात क्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम मला या सगळ्यात सर्वाधिक महत्त्वाचे वाटते. त्यांच्या ‘रिव्हर सिटी’ या आभासी जगात एकोणिसाव्या शतकातील एका नगरात साथी पसरलेल्या असतात आणि मुलांच्या गटांनी लोकांशी बोलून, पाणी तपासून, एक घटक बदलून पुन्हा पाहणी करून कारण शोधायचे असते. त्यानंतरच्या ‘इकोम्यूव्ह’च्या एका भागात तर एक तळे आहे, एवढेच. मुले त्या तळ्याभोवती वेगवेगळ्या तारखांना फिरतात आणि एके दिवशी त्यांना काठाशी मेलेले मासे दिसतात. गटातील एक जण पाण्याचे रसायन तपासतो, दुसरा सूक्ष्मजीव पाहतो, तिसरा प्राणी-वनस्पतींची नोंद ठेवतो आणि चौथा परिसरात हिंडून माणसांकडून माहिती गोळा करतो. कोणा एकाच्या नोंदींवरून उत्तर सापडत नाही. चौघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मग हळूहळू साखळी दिसू लागते. वरच्या बाजूला खत टाकले गेले, पावसाने ते तळ्यात वाहून आले, शेवाळ माजले, ते मेल्यावर कुजवणारे जिवाणू वाढले, त्यांनी पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपवला आणि मासे गुदमरले. कारण आणि परिणाम यांत कित्येक दिवसांचे आणि कित्येक पावलांचे अंतर असू शकते, ही गोष्ट फळ्यावर बाण काढून मी अनेकदा शिकवली आहे, पण मागच्या तारखेला परत जाऊन स्वतः मोजमाप घेण्याची सोय फळ्यावर नाही.

आमच्या भागातील मुलांना हा विषय परका नाही. पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या इथे वर्षानुवर्षे येतात. प्रत्येक मुलाने ते दृश्य फोटोत तरी पाहिलेले असते आणि कोणाला तरी दोष देऊन चर्चा संपते. नदीकाठी वर्ग नेणे अर्थातच उत्तम, आणि त्याची जागा आभासी तळे कधीही घेऊ नये. पण एका दुपारच्या सहलीत नदीचे दोन महिने दिसत नाहीत. ते पाहायला मिळावेत म्हणून असे जग हवे.

आमच्या शाळेतील संगणक कक्षात आम्ही लुआंटी हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. माइनक्राफ्टसारखेच हे ठोकळ्यांचे जग आहे. ते २०१० पासून माइनटेस्ट या नावाने उपलब्ध होते आणि २०२४ मध्ये त्याचे नाव बदलले. ते विनामूल्य आहे, जुन्या संगणकांवरही चालते आणि इंटरनेट नसताना कक्षातल्या कक्षात, केवळ लॅनवर, म्हणजे संगणक आपापसांत जोडून, सगळ्या मुलांना एकाच जगात आणता येते. आठवीच्या मुलांनी त्यात पन्हाळा बांधायला घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे, तेव्हा उत्साह होताच. पहिले काम डोंगराचे होते. सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटर उंचीचा फरक असतो. त्या रेषा ठोकळ्यांच्या थरांत उतरवताना जिथे रेषा दाटीवाटीने आल्या तिथे कडा उभा राहिला आणि जिथे त्या विरळ होत्या तिथे माची पसरली. भूगोलाच्या पुस्तकातील समोच्च रेषा मुलांनी पायाखाली अनुभवली, असे मी जबाबदारीने म्हणतो.

खरी गंमत अंबरखान्यात, म्हणजे किल्ल्यावरील धान्यकोठारांत आली. त्यातील गंगा कोठारात २५ हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगितले जाते. कोठाराचे क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर आणि उंची सुमारे १०.७ मीटर. एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर असे मानून मुलांनी घनफळ काढले ते जवळपास दहा हजार घनमीटर आले. घनमीटरला पाऊण टन धान्य धरले तर साडेसात हजार टन होतात. खंडीचे माप प्रदेशागणिक बदलते, पण ती सुमारे २९५ किलोंची धरली तर २५ हजार खंडी म्हणजेही तेवढेच टन भरतात. हिशेब जुळला म्हणून सगळा वर्ग खूश झाला. तेवढ्यात एरवी वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी, जी त्या वेळी कोठाराच्या आतल्या बाजूने भिंत रचत होती, तिने चॅटमध्ये लिहिले, “भिंतींची जाडी कुठे गेली?” बाहेरची मापे घेऊन आतले धान्य मोजले होते. मग जाड भिंती वजा झाल्या, वरची कमान वजा झाली आणि आकडा बराच खाली आला. सांगितल्या जाणाऱ्या आकड्याला तपासून पाहता येते, हे त्या दिवशी मुलांच्या लक्षात आले, आणि ते तिच्यामुळे आले. कागदावरच्या चौकोनात ती भिंत फक्त एक रेघ होती. आत उभी राहिल्यावर तिला जाडी दिसली.

एकत्र वावरण्याच्या बाबतीतही मला याच प्रकारचा अनुभव आला. किल्ल्यावरील अंधार बाव या विहिरीचा जिना एका गटाने मोठ्या कष्टाने बांधला होता, तो दुसऱ्या गटातील दोघांनी मजा म्हणून फोडला. रडारड झाली, आरोप झाले. सर्व्हरवर, म्हणजे हे जग ज्यावर चालते त्या मुख्य संगणकावर, मागची प्रत जपलेली होती, त्यामुळे जिना लगेच परत आणता आला असता. पण तो तसा परत न आणता मी तास थांबवला आणि मुलांना बोलू दिले. दुसऱ्याच्या बांधकामाला हात लावण्यापूर्वी विचारायचे, मोडले तर मोडणाऱ्यानेच उभारायचे, आणि चॅटमध्ये समोर बसून बोलणार नाही असे काही लिहायचे नाही, हे नियम त्यांनी स्वतः ठरवले. ज्यांनी जिना फोडला होता ते तो पुन्हा बांधायला बसले तेव्हा मूळ गटातील एक मुलगा त्यांना पायऱ्यांची मापे सांगत होता. हे शिक्षण मैदानावरही मिळते हे मान्य. पण मुलांचे मोठे होणे आता काही अंशी पडद्यावरही होणार आहे, आणि तिथे कसे वागायचे हे त्यांना कोणी शिकवायचे?

कॅनडातील स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ मध्ये ‘ऑटक्राफ्ट’ हा माइनक्राफ्ट सर्व्हर ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी सुरू केला, कारण सार्वजनिक सर्व्हरवर या मुलांना छळले जात होते. खेळ तोच, ठोकळे तेच. फरक इतकाच की प्रवेश परवानगीने मिळतो आणि मोठी माणसे तिथे सतत हजर असतात. समोरासमोर बोलताना ज्यांना अवघडल्यासारखे होते, त्या मुलांना तिथे मित्र मिळाले. आभासी जगाने मुले एकलकोंडी होतात असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे.

उलट उदाहरणेही आहेत. लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात पुढील काही वर्षांत अनेक विद्यापीठांनी जमिनी घेतल्या. बऱ्याच ठिकाणी तिथे पुन्हा व्याख्यानाचीच सभागृहे उभी राहिली, खुर्च्यांच्या रांगा आणि समोर पडदा. उडता येणाऱ्या जगात विद्यार्थ्याला पुन्हा बाकावर बसवण्यात काय हशील होते, हे मला आजही उमगत नाही. त्यातच २०१० च्या अखेरीस कंपनीने शैक्षणिक संस्थांची सवलत बंद करण्याचे जाहीर केले आणि अनेक संस्थांना आपले बांधकाम सोडावे लागले. सवलत पुढे २०१३ मध्ये परत आली, पण भाड्याच्या जगात वर्षानुवर्षांचे काम ठेवण्यातला धोका तेव्हा स्पष्ट झाला होता. म्हणून जगाची प्रत शाळेच्या स्वतःच्या संगणकावर असली पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

कोविडच्या काळात आयआयटी मुंबईने ऑगस्ट २०२० मध्ये आभासी पदवीदान समारंभ केला आणि विद्यार्थ्यांच्या अवतारांनी, म्हणजे पडद्यावरील प्रतिरूपांनी, संचालकांच्या अवताराच्या हातून पदवी घेतली. त्या कठीण वर्षात त्याचे अप्रूप होते. पण त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी आपला पवईचा परिसर माइनक्राफ्टमध्ये स्वतः बांधला, ते मला अधिक जिवंत वाटते, कारण तिथे त्यांच्यासाठी कोणी काही मांडून ठेवले नव्हते.

रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी २०२५ च्या मध्यात दररोज सरासरी ११ कोटींहून अधिक लोक येत होते. एवढ्या गर्दीत आठवीतील मुलाला एकटे सोडणे म्हणजे यात्रेत त्याचा हात सोडण्यासारखे आहे. शिवाय तिथे पावलोपावली काहीतरी विकत घेण्याचा मोह असतो, कारण त्या खरेदीवरच हा व्यवसाय उभा आहे. काही मुले तिथे स्वतः खेळ तयार करतात आणि उत्तम शिकतात, हेही मी पाहिले आहे. पण ती मुले थोडी.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हे स्वागतार्ह आहे, पण संमतीच्या खुणेवर टिचकी मारणारा पालक त्या जगात कधी गेलेलाच नसेल तर त्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही. शाळेच्या लॅनवर चालणाऱ्या जगातून मुलांची कोणतीच माहिती बाहेर जात नाही, तेव्हा निदान ही काळजी तरी मिटते.

अडचण पैशांपेक्षा वेळापत्रकाची आहे. कितीतरी मराठी शाळांमध्ये संगणक कापडी आवरणाखाली झाकलेले असतात आणि कक्षाची किल्ली कार्यालयात असते. आठवड्यातील एक जोडतास, सर्व्हर म्हणून एक बऱ्यापैकी संगणक आणि मुलांबरोबर स्वतः अवतार घेऊन फिरायला तयार असलेला एक शिक्षक एवढ्यावर सुरुवात होते. शिक्षक प्रशिक्षणात सादरीकरणे दाखवण्याऐवजी अर्धा दिवस शिक्षकांनाच अशा जगात एकत्र काहीतरी बांधायला लावावे, अशी माझी प्रशिक्षण आखणाऱ्यांना विनंती आहे. ज्या शिक्षकांना आपल्या शाळेत हे करून पाहायचे असेल त्यांनी खाली कळवावे. लॅन जोडण्यापासून पहिल्या तासाच्या आखणीपर्यंत जे आम्हाला जमले ते मी सविस्तर लिहून देईन. पन्हाळ्याचे जगही प्रत करून देता येईल, मात्र त्यातील सज्जा कोठी अजून अपुरी आहे.