जनरल मोटर्स ब्रँड आणि डीलर कापून वाचली, या समजाविषयी

मोटारी बनवणारी एखादी मोठी कंपनी तोट्यात गेली की जनरल मोटर्सचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. चौदा ब्रँड सांभाळणाऱ्या स्टेलांटिस या मोटार कंपनीची चर्चा सुरू झाल्यापासून ते पुन्हा फिरू लागले आहे. मांडणी साधारण अशी असते: जनरल मोटर्स अमेरिकेत आठ ब्रँड आणि सहा हजारांवर डीलर पोसत राहिली व त्या ओझ्याखाली बुडाली, टोयोटाने मात्र जेमतेम दीड हजार डीलरांच्या बळावर बाजार मारला, २००९ मध्ये सरकारने कान धरल्यावर कंपनीने चार ब्रँड आणि हजारो डीलर काढून टाकले, बंद ब्रँडचे ग्राहक उरलेल्या ब्रँडकडे आले, आणि २०१० मध्ये ती नफ्यात आली. यातल्या बहुतेक घटना खऱ्या आहेत. त्यांना जोडणारा कार्यकारणभाव मात्र तपासून पाहिला की टिकत नाही.

सुरुवात नफ्यापासून करू, कारण सगळा दावा त्यावरच उभा आहे. १ जून २००९ रोजी कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिची मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलरची आणि देणी सुमारे १७३ अब्ज डॉलरची होती. १० जुलैला जी नवी कंपनी बाहेर पडली, तिने यातली बहुतांश देणी मागे जुन्या सांगाड्यात ठेवली. सुमारे २७ अब्ज डॉलरच्या रोख्यांच्या बदल्यात रोखेधारकांना नव्या कंपनीचा दहा टक्के हिस्सा मिळाला. निवृत्त कामगारांच्या औषधोपचाराची जबाबदारी ज्या विश्वस्त निधीकडे जायची होती, त्याने रोख रकमेच्या मोठ्या भागाऐवजी समभाग स्वीकारले. अमेरिकी सरकारने एकूण ४९.५ अब्ज डॉलर ओतले, आणि २०१३ च्या डिसेंबरात शेवटचे समभाग विकून झाल्यावर त्यातले दहा अब्जांहून अधिक बुडीत निघाले. एवढ्या सफाईनंतर २०१० मध्ये ४.७ अब्ज डॉलरचा नफा झाला, तर त्याचे श्रेय पाँटियॅकसारखा ब्रँड बंद केल्याला देणे म्हणजे हिशेबाच्या वहीतले पहिले पान न वाचताच शेवटचे वाचणे होय.

आता आठ ब्रँडचे ओझे. या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात घातलेली घडी स्पष्ट होती: शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतीची शिडी, आणि ग्राहकाची कमाई वाढेल तसा तो एकेक पायरी वर चढेल. १९८० च्या दशकापर्यंत ही शिडी मोडली होती. एकाच आराखड्यावरची गाडी शेवरोले कॅव्हेलियर, पाँटियॅक जे-२०००, ओल्ड्समोबिल फिरेंझा, ब्यूक स्कायहॉक आणि थेट कॅडिलॅक सिमॅरॉन या पाच नावांनी विकली गेली. कॅडिलॅकच्या प्रतिष्ठेला सिमॅरॉनने जो डाग लावला, तो पुसायला कंपनीला वर्षे लागली. सॅटर्न या ब्रँडची तऱ्हा उलटी होती. तिला स्वतःचा कारखाना, स्वतःच्या गाड्या आणि स्वतःचे वेगळे डीलर मिळाले, आणि त्यासाठी लागलेल्या पैशांमुळे इतर ब्रँडच्या नव्या गाड्या रखडल्या. म्हणजे दोष ब्रँडच्या संख्येपेक्षा पैसे वाटण्याच्या पद्धतीत होता: जिथे वेगळेपण हवे तिथे नुसते बिल्ले बदलले, आणि जिथे सामायिक आराखडा चालला असता तिथे सगळे नव्याने उभारले.

ब्रँड निवडतानाही अमेरिकेतला खप हा एकमेव निकष नव्हता. २००८ मध्ये पाँटियॅकच्या अमेरिकेत ब्यूकच्या जवळपास दुप्पट गाड्या विकल्या गेल्या होत्या. तरी बंद झाली ती पाँटियॅक. ब्यूक राहिली, कारण चीनमध्ये तिला मोठा मान होता आणि तिथला तिचा खप अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त होता. हा निर्णय समजण्यासारखा आहे, परंतु त्याला ‘न खपणारा ब्रँड काढला’ असे म्हणता येत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज डीलरांविषयी आहे. डीलर म्हणजे कंपनीच्या पगारावरची शाखा, असे समजून लोक बोलतात. प्रत्यक्षात अमेरिकेत डीलर हा कंपनीचा ग्राहक असतो. गाडी कारखान्यातून निघाली की ती डीलरच्या नावावर पडते, कंपनीच्या खात्यात विक्री नोंदली जाते, आणि पुढे ती गाडी अंगणात तीन महिने उभी राहिली तर ती घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज डीलर भरतो. जागा त्याची, इमारत त्याची, मेकॅनिकांचे पगार त्याचे, सुट्या भागांचा साठाही त्यानेच विकत घेतलेला. साबण बनवणारी कंपनी गावोगावच्या किराणा दुकानांचे भाडे भरत नाही. तसेच हे आहे. कंपनीचा खर्च होतो तो विभागीय प्रतिनिधी, जाहिरातीतील वाटा, प्रशिक्षण आणि विक्रीवरील प्रोत्साहन रकमा यांवर, आणि यातला बराचसा भाग गाड्यांच्या संख्येनुसार बदलतो, दुकानांच्या संख्येनुसार नाही.

मग किती वाचले? याचे सर्वांत बोलके उत्तर सरकारी मदतीच्या (बेलआउट) निधीवर तेव्हा देखरेख ठेवणारे विशेष महानिरीक्षक नील बारोफ्स्की यांच्या जुलै २०१० च्या अहवालात सापडते. एक डीलर बंद केल्याने होणारी बचत जनरल मोटर्सने सुमारे ११ लाख डॉलर दाखवली होती. क्रायस्लर या दुसऱ्या मोटार कंपनीचा अंदाज होता सुमारे ४५ हजार ५०० डॉलर. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या करारांवर दोन कंपन्यांचे आकडे वीसपटीहून अधिक वेगळे येत असतील, तर ते आकडे निर्णयाच्या आधीचे नसून निर्णयाला नंतर जोडलेले असावेत, अशी शंका घ्यायला जागा आहे. एखादी ठरावीक डीलरशिप बंद करून कंपनीची एक दमडीही वाचत नाही, असे जनरल मोटर्सच्याच एका अधिकाऱ्याने तपासणाऱ्यांना सांगितल्याचे त्या अहवालात नोंदवलेले आहे. डीलर कमी व्हायला हवेत यावर बहुतेकांचे एकमत होते, हेही अहवाल मान्य करतो. त्याचा आक्षेप घाईवर होता. कंपनीने फेब्रुवारी २००९ मध्ये दिलेला टप्प्याटप्प्याचा आराखडा सरकारी पथकाला संथ वाटला, आणि बेरोजगारी वाढत असताना हजारो नोकऱ्यांचा पुरेसा विचार न करता वेग वाढवण्यात आला.

त्या घाईचे पुढे काय झाले, हे दावा करणारे सांगत नाहीत. मे २००९ मध्ये सुमारे ११०० डीलरांना करार पुढे चालू राहणार नसल्याची पत्रे गेली. डिसेंबरात अमेरिकी संसदेने कायदा करून अशा डीलरांना लवादाकडे जाण्याचा हक्क दिला, आणि मार्च २०१० मध्ये खुद्द जनरल मोटर्सने त्यातल्या ६६१ जणांना परत घेण्याची तयारी दाखवली. त्यांना काढणे खरोखर जीवनमरणाचा प्रश्न असते, तर दहा महिन्यांत इतक्यांना दार उघडले नसते.

टोयोटाशी केलेली तुलना आकर्षक असली तरी ती उलट्या बाजूने वाचली जाते. टोयोटाच्या प्रत्येक डीलरमागे गाड्या जास्त खपत, कारण तिच्या गाड्यांना मागणी जास्त होती. डीलर कमी होते म्हणून मागणी वाढली नव्हती. शहरात एकाच रस्त्यावर शेवरोलेची तीन दुकाने एकमेकांचे भाव पाडत असतील तर तिथे छाटणी योग्यच. परंतु आयोवा किंवा नेब्रास्कातल्या छोट्या गावात, जिथे पिकअप ट्रक खपतात आणि जिथे टोयोटाचे दुकान नव्हतेच, तिथला डीलर हीच जनरल मोटर्सची जमेची बाजू होती.

ग्राहक उरलेल्या ब्रँडकडे वळतात, हा मुद्दा थोडक्यात आटोपतो. कंपनीचा अमेरिकी बाजारातील वाटा २००८ मध्ये सुमारे २२ टक्के होता, तो २०१० पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आला. दिवाळखोरीच्या बदनामीचाही त्यात हात असणारच, पण पाँटियॅकवाला आपसूक शेवरोले घेतो, हे यातून नक्कीच सिद्ध होत नाही.

आणि कात्री फुकट चालत नाही. दिवाळखोरीच्या छत्राखाली नसताना ब्रँड बंद करण्याची किंमत काय पडते, हे ओल्ड्समोबिलने दाखवून दिले आहे. १८९७ पासूनचा हा ब्रँड बंद करण्याची घोषणा डिसेंबर २००० मध्ये झाली, शेवटची गाडी लान्सिंगच्या कारखान्यातून एप्रिल २००४ मध्ये निघाली, आणि राज्यांच्या फ्रँचायझी कायद्यांमुळे डीलरांना भरपाई देण्यात सुमारे एक अब्ज डॉलर गेले. फोर्डने याच काळात वेगळा मार्ग धरला. २००६ च्या अखेरीस सगळे गहाण टाकून तिने २३ अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उभे केले आणि मग ब्रँड विकले. जग्वार आणि लँड रोव्हर २००८ मध्ये टाटा मोटर्सकडे आले. मर्क्युरी हा ब्रँड बंद करण्याची घोषणा तिने २०१० मध्ये केली, संकट ओसरल्यावर.

भारतात हा दावा अधिक पटतो, त्यामागे एक कारण आहे. अमेरिकी राज्यांत आहेत तसे डीलरांना संरक्षण देणारे फ्रँचायझी कायदे आपल्याकडे नाहीत. त्यामुळे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात शेवरोले विकणे थांबवले, तेव्हा तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२० च्या अखेरपर्यंत चालू राहिला, पण शोरूम आणि वर्कशॉप उभारताना घेतलेल्या कर्जाचे काय, हा प्रश्न डीलरांच्या पदरात पडला. २०२१ मध्ये फोर्डने इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली तेव्हाही तेच झाले. डीलरांची ‘फाडा’ ही संघटना अशा कायद्याची मागणी करत आली आहे. ‘डीलर कापून बचत’ हा हिशेब मांडणाऱ्याने कंपनीच्या ताळेबंदातून गेलेला खर्च कोणाच्या ताळेबंदात उतरला, तो आकडाही शेजारी लिहावा.