वजन किती यापेक्षा कुठे

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढणाऱ्या पर्यटकांना रस्त्यात थांबवून त्या कॅरॅव्हॅनचं वजन तपासतात, हे एका लेखात वाचून आधी हसूच आलं. मग आमची दोनचाकी ट्रॉली आठवली. तिकडे मालासकट 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आमच्या ट्रॉलीला ब्रेक हा प्रकारच नाही, सगळा भार ट्रॅक्टरवर.

पण लेखात एकूण वजनावरच भर आहे. खरी गोम हुकावरच्या, म्हणजे ट्रॉली पुढच्या गाडीला जोडते तिथल्या, वजनात आहे. तिकडे एकूण वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार जोडावर ठेवा म्हणतात. मागे एकदा आम्ही विटा सगळ्या मागच्या फाळक्याकडे रचल्या. सावद्याच्या अलीकडे उतार लागला आणि ट्रॉली सापासारखी वळवळायला लागली. वडील नेहमी सांगायचे, "माल पुढे घे भो." तेव्हा ऐकलं नव्हतं.

आपल्याकडे ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 दंड आहे. पण पावती फाडून ट्रॉली तशीच पुढे सोडली तर उपयोग काय? जादा माल तिथेच उतरवायला लावा. आणि मागे रेडियम नसेल तर रात्री हलूच देऊ नका, ऊस असो की केळी.